महूची छावणी आणि एका हंगामाची गोष्ट

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात विद्यार्थी वसतिगृहाच्या प्रांगणात दिलेले भाषण. स्मरणिकेसाठी वक्त्यांनी स्वतः लिहून दिले.)



संयोजकांनी मला विषय विचारला तेव्हा मी एकच शब्द सांगितला : महू. पत्रिकेत त्याचे 'महू : बाबासाहेबांची जन्मभूमी' असे झाले. ते चूक नाही. पण आज मला महूच्या एका वेगळ्या आठवणीविषयी बोलायचे आहे. ती आठवण खेळाची आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४-४५ च्या हंगामात, महूच्या छावणीतला एक गोरा सार्जंट इंदूरच्या संघातून खेळला, त्याची ही गोष्ट. काही मंडळी म्हणतील, गुरुजी, मेळाव्यात चेंडूफळीच्या गोष्टी कशाला? तर त्याचे कारण मी शेवटी सांगणार आहे. ते कारण या इमारतीच्या पाठीमागेच आहे.

छावणीशी आपले नाते

मित्रहो, छावणी हा शब्द आपल्या जिल्ह्याला नवा नाही. हिंगोली १९९९ पर्यंत आपल्याच परभणी जिल्ह्यात होते. त्या हिंगोलीला निजामाच्या हैदराबाद कंटिन्जंट फौजेची छावणी होती. १९०३ साली ती फौज इंग्रजांच्या हिंदी सैन्यात मिसळून गेली. पण छावणी म्हणजे काय, हे आपल्या पणजोबांनी पाहिलेले होते. छावणीत शिस्त होती, पगार होता, आणि आपल्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे शाळा होती.

महूची छावणी १८१८ साली वसली. इंदूरपासून ती वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. सुभेदार रामजी सकपाळ लष्करातल्या शाळेचे मुख्याध्यापक होते. १४ एप्रिल १८९१ रोजी महूलाच भीमरावांचा जन्म झाला. गावात ज्या जातीच्या पोराला शाळेच्या ओट्याला हात लावता येत नव्हता, त्या जातीचा माणूस लष्करी शाळेत हेडमास्तर होता, ही किमया छावणीची होती. पण तीच छावणी किती बेभरवशाची होती तेही पाहा. बाबासाहेब वर्ष-दीड वर्षाचे असतील नसतील, तोच १८९२ च्या सुमारास महारांची सैन्यभरती बंद झाली. ज्या दाराने ज्ञान आत आले होते ते दार सरकारने लावून घेतले. गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः पेन्शनर सैनिक. त्यांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. दार उघडले नाही. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली आणि गरज संपताच १९२१ साली मोडली. दुसरे युद्ध आले. १९४१ च्या जुलैत बाबासाहेब संरक्षणविषयक सल्लागार मंडळावर गेले आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. ती मात्र मोडली नाही. ती आजही आहे, आणि जनरल कृष्णराव व जनरल सुंदरजी असे दोन लष्करप्रमुख तिने देशाला दिले.

हे सांगण्याचा हेतू एवढाच, की १९४४ साली महूच्या छावणीत काय चालले होते हे ऐकताना, त्या छावणीच्या मातीत आपल्या दोन पिढ्यांचा घाम आहे हे ध्यानात असू द्यावे.

फुटबॉलवाला सार्जंट

त्या साली डेनिस कॉम्प्टन नावाचा एक तरुण इंग्लंडहून लष्करी नोकरीवर हिंदुस्थानात आला आणि महूला त्याची नेमणूक झाली. वय सव्वीस. हा माणूस दोन खेळांतला बादशहा. उन्हाळ्यात क्रिकेट आणि हिवाळ्यात फुटबॉल. लंडनच्या आर्सेनल संघाकडून तो डाव्या बगलेवर खेळे. क्रिकेटमध्ये विसाव्या वर्षीच, १९३८ साली, ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटी शतक ठोकून बसलेला. युद्ध सुरू झाले आणि ऐन उमेदीची सहा वर्षे गणवेशात गेली. महूला त्याचे काम होते शिपायांची शरीरे तयार ठेवण्याचे. म्हणजे आपल्या भाषेत पी. टी. मास्तर. दर्जा सार्जंटचा. साहेबांच्या खाणावळीत बसणारा अधिकारी तो नव्हे.

आता विद्यार्थ्यांनी विचारावे, युद्ध चालू असताना सरकार शिपायांच्या खेळावर पैसा का खर्च करत होते? ब्रह्मदेशाच्या सीमेवर माणसे मरत होती आणि इकडे छावणीत चेंडू उडत होता, ही चैन नव्हती का? नव्हती. लष्कराला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. नुसत्या कवायतीने माणूस हुकूम ऐकायला शिकतो. पण शेजारच्या माणसाकडे न बघता तो कुठे असेल हे ओळखून चेंडू द्यायला तो खेळातच शिकतो. म्हणून पलटणीत सकाळी पी. टी. आणि संध्याकाळी खेळ. ती मौज नसते, ती हजेरी असते. आजारी नसेल त्याने मैदानावर आलेच पाहिजे. कंपनीचा संघ, मग पलटणीचा संघ, मग छावणीचा संघ, अशी ती पायरी.

महूच्या शेजारी इंदूर, होळकरांची राजधानी. होळकरांना क्रिकेटचा मोठा नाद. त्यांच्या संघाचे कर्णधार कर्नल सी. के. नायडू. हे नागपूरचे. १९३२ साली हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना झाला त्यात ते कर्णधार होते. तुकोजीराव होळकरांनी त्यांना इंदूरला बोलावून आपल्या फौजेत हुद्दा दिला होता. म्हणजे खेळाडूची पोटापाण्याची सोय फौजेच्या नोकरीतून व्हायची. हे आपण लक्षात ठेवू, पुढे उपयोगी पडेल. १९४४-४५ च्या रणजी करंडक स्पर्धेसाठी होळकरांच्या संघात महूचा सार्जंट कॉम्प्टन आला. चित्र पाहा. देशात इंग्रजांचे राज्य, १९४२ चे आंदोलन होऊन दोन वर्षेच झालेली, आणि एक इंग्रज सार्जंट हिंदी कर्णधाराच्या हुकमाखाली क्षेत्ररक्षणाला उभा. संघात मुश्ताक अली, नायडूंचे धाकटे बंधू सी. एस. नायडू. त्याच काळी मुंबईत हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन असे धर्मावर आणि वंशावर पाडलेले संघ पंचरंगी सामने खेळत होते. होळकरांच्या संघात मात्र निवडीचे माप एकच होते : खेळता येते की नाही.

सहा दिवसांचा सामना

होळकर संघ अंतिम फेरीत पोचला. मार्च १९४५, मुंबईचे ब्रेबॉर्न स्टेडियम, समोर विजय मर्चंट यांचा मुंबई संघ. सामना निकाल लागेपर्यंत चालायचा होता. मुंबईने पहिल्या डावात ४६२ केल्या. होळकरांनी ३६० केल्या, त्यात मुश्ताक अलींचे शतक. कॉम्प्टन वीस धावांत बाद. मग मुंबईने दुसऱ्या डावात ७६४ धावांचा डोंगर रचला. एकट्या मर्चंटनी २७८ केल्या.

इथे सी. एस. नायडूंची कामगिरी ऐका. या गृहस्थाने त्या एका सामन्यात ९१७ चेंडू टाकले. दीडशेच्या वर षटके. मुंबईच्या मार्चच्या उन्हात. ४२८ धावा दिल्या आणि अकरा बळी घेतले. एका प्रथम श्रेणी सामन्यात एवढे चेंडू टाकण्याचा तो विक्रमच आहे. धावांचा आकडा पाहून हसू नका. षटकामागून षटक कर्णधार चेंडू हातात देतो आणि हा माणूस 'नाही' म्हणत नाही, याला काय म्हणावे?

होळकरांना जिंकायला ८६७ धावा हव्या होत्या. अशक्यच. दुसरा संघ असता तर हातपाय गाळून बसला असता. मुश्ताक अलींनी पुन्हा शतक काढले, १३९. आणि कॉम्प्टन उभा राहिला. एका बाजूने गडी जात राहिले आणि दुसऱ्या बाजूने हा खेळत राहिला. संघाचा डाव ४९२ वर संपला तेव्हा तो नाबाद २४९. होळकर ३७४ धावांनी हरले. चारही डाव मिळून २०७८ धावा झाल्या.

या डावाची एक गंमत कॉम्प्टन पुढे आयुष्यभर सांगत असे. एका धनिक व्यापाऱ्याने त्याला शंभराच्या पुढच्या प्रत्येक धावेला बक्षीस कबूल केले होते. सार्जंटच्या पगारात ते बक्षीस म्हणजे घबाडच. डाव संपवून हा शोधायला गेला, तर शेठजींची चिठ्ठी : तातडीच्या कामासाठी कलकत्त्याला जावे लागत आहे, क्षमस्व. आपल्यालाही असे शेठजी पुष्कळ भेटले आहेत. निवडणुकीच्या आधी मैदान देणारे आणि नंतर कलकत्त्याला जाणारे!

पण हरलेल्या संघाचे पुढे काय झाले? पुढच्याच वर्षी, १९४५-४६ साली, होळकरांनी रणजी करंडक जिंकला. त्यानंतर आणखी तीनदा जिंकला. आणि कॉम्प्टन मायदेशी परतल्यावर १९४७ च्या एका हंगामात ३८१६ धावा आणि अठरा शतके करून मोकळा झाला. १९५० साली आर्सेनलबरोबर फुटबॉलचा एफ. ए. कपही त्याने जिंकला. युद्धाने सहा वर्षे खाल्ली, पण अंगातला सराव खाल्ला नाही. कारण छावणीने मैदान बंद केले नव्हते.

दुसरी बाजू

मित्रहो, ही गोष्ट इथेच संपवली तर मी तुमची फसवणूक केली असे होईल. मैदान सर्वांना सारखे असते हे बोलायला सोपे आहे. पळवणकर बाळू यांचे नाव किती जणांना माहीत आहे? चांभार समाजात जन्मलेला हा डावखुरा गोलंदाज. पुण्याच्या गोऱ्या लोकांच्या जिमखान्यावर महिना चार रुपयांवर खेळपट्टी लाटायची, जाळी बांधायची आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. कॅप्टन ग्रेग नावाचा लष्करी अधिकारी त्यांच्या गोलंदाजीवर तासन्‌तास सराव करी. बाद केलेस तर आठ आणे, असे तो देत असे म्हणतात. बाळूंना चेंडू टाकायला मिळे, फलंदाजी करायला मिळत नसे. पुढे हिंदू जिमखान्याला युरोपियनांना हरवायचे होते म्हणून त्यांना संघात घेतले. मैदानावर सवर्ण खेळाडू त्यांच्या हातातला चेंडू घेत. चहाच्या वेळी मात्र त्यांना बाहेर, मातीच्या भांड्यात चहा. १९११ साली हिंदी संघ इंग्लंडला गेला. दौऱ्यात बाळूंनी शंभरावर बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. ते मिळायला १९२३ साल उजाडले आणि मिळाले ते त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठल यांना.

राजकारणात बाळू आणि बाबासाहेब वेगळ्या वाटांनी गेले. १९३७ च्या निवडणुकीत ते बाबासाहेबांच्या विरुद्ध काँग्रेसकडून उभेही राहिले आणि हरले. म्हणून त्यांची गोलंदाजी आपण विसरायची का? मला तसे वाटत नाही. मतभेद आपल्या जागी आणि माणसाची पात्रता आपल्या जागी.

दुसरा दाखला आपल्या घरचा आहे, कारण त्या काळी परभणी हैदराबाद संस्थानात होते. फुटबॉलचे जुने चषक मुळात पलटणींसाठीच निघालेले. ड्युरँड १८८८ चा, आणि मुंबईचा रोव्हर्स बाबासाहेबांच्या जन्मसालचा, १८९१ चा. कित्येक वर्षे ते गोऱ्या पलटणीच जिंकत होत्या. १९११ साली मोहन बागानच्या जवळजवळ सगळ्या अनवाणी पोरांनी कलकत्त्याला ईस्ट यॉर्कशायर पलटणीला हरवून पहिला धक्का दिला. १९४० साली दिल्लीत मोहम्मेडन स्पोर्टिंगने रॉयल वॉरविकशायर पलटणीला हरवून ड्युरँड जिंकला. आणि १९४३ साली, ऐन युद्धात, हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने बंगळूरला ॲश सुवर्णचषकाच्या अंतिम सामन्यात रॉयल एअर फोर्सच्या संघाला नमवले. हे विमानदळवाले बूट घालून, चांगले खाऊन-पिऊन खेळणारे. आणि हे पोलीस शिपाई. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे या पोलीस संघाने रोव्हर्स चषक जिंकला.

त्यांना घडवणारे कोण? सय्यद अब्दुल रहीम. पेशाने शाळामास्तर. मुलांचे दोन्ही पाय सारखे चालावेत म्हणून, फक्त कमजोर पायानेच खेळायचे अशा स्पर्धा ते भरवत. त्यांच्याच शिकवणुकीत भारताने १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत फुटबॉलचे सुवर्णपदक मिळवले आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक घेतला. कमजोर पायानेच खेळायचे! विद्यार्थ्यांनो, याहून चांगला अभ्यासक्रम मला सुचत नाही. ज्याला गणित जमत नाही त्याने रोज गणितच करावे.

माझी चूक

आता थोडे स्वतःचे. मी शाळेत असताना, साठच्या दशकात, आमच्या कबड्डी संघाबरोबर एका गावी सामन्याला गेलो होतो. सामना आम्ही जिंकला. शेवटची चढाई माझी होती. नंतर पाण्याची घागर आली. बाकीच्यांनी तांब्या बुडवून घेतला आणि मला एकाने वरून ओंजळीत पाणी ओतले. ज्याने ओतले त्याचाच पाय धरून मी पाच मिनिटांपूर्वी त्याला मातीत लोळवले होते. मैदानाच्या रेषेच्या आत मी चालत होतो, रेषेच्या बाहेर चालत नव्हतो. त्या दिवसापासून मी खेळ सोडला. मनाशी म्हटले, आपल्याला पुस्तकच वर काढील. पुस्तकाने काढले, यात शंका नाही. पण राग मी चुकीच्या ठिकाणी काढला. घागरीवरचा राग मैदानावर काढला.

पुढे मास्तर झालो आणि तोच राग मुलांवर काढला. संध्याकाळी वसतिगृहातला चेंडू कपाटात कुलूपबंद करून मी मुलांना दिव्याखाली बसवत असे. एक पोरगा होता. पळायला वारा. मी त्याला दोनदा मैदानावरून कान धरून आणले. तो दहावीला गणितात गेला आणि ऊसतोडीला गेला. त्याच वर्षी त्याच्या गावचा, त्याच्याहून हळू पळणारा मुलगा पोलीस भरतीत निवडला गेला. कॉम्प्टनला खेळाने फौजेत काम दिले, नायडूंना हुद्दा दिला, हैदराबादच्या पोरांना पोलिसाची वर्दी दिली. आणि मी एका मुलाच्या हातातली वर्दी काढून घेतली. हे मी आज तुमच्यासमोर कबूल करतो.

पाठीमागची जागा

आता ते कारण. या इमारतीच्या पाठीमागे संस्थेची मोकळी जागा आहे. तिथे गाळे बांधून भाड्याने द्यावेत असा ठराव पुढच्या बैठकीत येणार आहे. ठराव मांडणारी मंडळी माझ्या जवळची आहेत, आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. मेसचा खर्च भागत नाही. वर्गणी वेळेवर येत नाही. गाळ्यांचे भाडे आले तर दोन वेळच्या जेवणाची चिंता मिटेल. पोटाला भाकरी नसेल तर मैदान काय कामाचे, हा प्रश्न मलाही पडतो.

पण एकदा पहाटे साडेचारला उठून या रस्त्यावर उभे राहा. आपली भरतीची पोरे अंधारात हमरस्त्याच्या कडेने पळताना दिसतील. सोळाशे मीटरची तयारी ती डांबरावर करतात, कारण दुसरी जागा नाही. मागच्या हिवाळ्यात एका पोराला मालट्रकचा धक्का लागला. पाय वाचला, पण त्या वर्षाची भरती गेली. आणि मुली? मुली तर रस्त्यावर पळूच शकत नाहीत. त्या पळतच नाहीत. त्यांना पळता येते की नाही हे आपल्याला अजून माहीतच नाही.

माझी सूचना साधी आहे. रस्त्याच्या बाजूला गाळे जरूर काढा. मागची अर्धी जागा सोडा. कबड्डीचे मैदान तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद, व्हॉलीबॉलचे अठरा बाय नऊ. दोन्ही मावतात आणि कडेने पळण्याची वाटही निघते. मुरूम टाकायला श्रमदान करू. सकाळची वेळ भरतीवाल्यांची, दुपारनंतरचा एक तास फक्त मुलींचा, संध्याकाळ सर्वांची. गाळे थोडे कमी होतील, भाडे थोडे कमी येईल. तेवढी तूट भरून काढण्यासाठी माझ्या पेन्शनमधून दरमहा जमेल ते मी देईन, आणि तातडीच्या कामासाठी कलकत्त्याला जाणार नाही.

एक अट मात्र घालतो. त्या मैदानाच्या कडेला पाण्याचा एकच माठ असेल आणि एकच पेला असेल. कोणत्याही जातीचा, कोणत्याही धर्माचा मुलगा खेळायला आला, तरी त्याने स्वतःच्या हाताने पेला बुडवून पाणी प्यावे. रेषेच्या आत जे चालते ते रेषेच्या बाहेरही चालले पाहिजे. बाबासाहेबांनी चवदार तळ्यावर यापेक्षा वेगळे काय मागितले होते?

२००३ साली महूचे नाव डॉ. आंबेडकर नगर झाले. जन्मस्थानी भव्य स्मारक उभे आहे. ज्यांना जमेल त्यांनी जरूर जाऊन यावे, नतमस्तक व्हावे. आणि परतताना छावणीतली मैदानेही पाहून यावे. शाळा आणि मैदान जवळजवळ असले की माणूस कसा उभा राहतो, हे त्या गावाने दाखवले आहे. आपल्याकडे शाळा झाली, वसतिगृह झाले, विहार झाले. आता मैदान होऊ द्या.

बैठकीत हात वर करताना ऊसतोडीला गेलेल्या त्या पोराला आठवा, एवढीच विनंती करतो. 

जयभीम! नमो बुद्धाय!